वाढत्या शहराचा हिशेब फुलंब्रीने मागितला पाहिजे

छत्रपती संभाजीनगरहून हर्सूल, सावंगी, चौका ओलांडून फुलंब्रीकडे येणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा गेल्या काही वर्षांत कापूस, मका आणि अद्रकीच्या शेतांमध्ये चुन्याच्या रेघा आणि भूखंडविक्रीचे फलक उगवू लागले आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि सावंगीच्या चौफुलीमुळे या भागातील जमिनीकडे पाहण्याची सर्वांची दृष्टीच पालटली. काल जिचे मोल पावसावर आणि विहिरीच्या पाण्यावर ठरत होते, त्या जमिनीचे मोल आज महामार्गापासूनच्या अंतरावर ठरते. शहर आपल्या दारी येत आहे, आता तालुक्याचे भाग्य उजळणार, असे सांगणाऱ्यांची येथे वाण नाही.

शहराच्या वाढीला आमचा विरोध नाही. दुष्काळाने पिचलेल्या मराठवाड्यातील भूमिहीनाला आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांनी भाकर दिली, हे कोणीही समंजस माणूस नाकारणार नाही. प्रश्न वेगळा आहे. वाढत्या शहराला जमीन कोण देतो, पाणी कोणाच्या वाट्याचे जाते, घाण कोणाच्या दारात पडते आणि यातून निर्माण होणारी संपत्ती शेवटी कोणाच्या तिजोरीत जमा होते, याचा हिशेब आजवर कोणी मांडलेला नाही. तो मांडण्याची पाळी आता फुलंब्रीवर आली आहे. कारण महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या नकाशात शहराभोवतीच्या तालुक्यांतील तीनशेहून अधिक गावे आली असून त्यांत फुलंब्री तालुक्यातील गावेही आहेत.

पाण्याचा इतिहास काय सांगतो?

हे शहर सत्तेने वसवलेले आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हा त्याने उत्तरेकडील डोंगरांतील भूजल भूमिगत नहरींतून वस्तीपर्यंत आणले. त्या राजवटीचे गुणगान करण्याचे कारण नाही. ती सरंजामी राजवट होती. परंतु आधी पाणी आणि मग वस्ती, हा क्रम त्या सरंजामी राज्यकर्त्यालाही समजत होता. लोकशाहीतील आमच्या राज्यकर्त्यांनी तो क्रम उलटा केला. आधी भूखंड, मग घरे, मग मते आणि सर्वांत शेवटी पाणी.

जायकवाडीच्या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावे गेली. १९७६ मध्ये धरण राष्ट्राला अर्पण झाले. ते सिंचनासाठी बांधले जात आहे, असे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला सांगण्यात आले होते. त्याच जलाशयातून सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावरून शहरासाठी आणि उद्योगांसाठी पाणी उचलले जाऊ लागले. तहानलेल्या माणसाला पाणी मिळू नये, असे कोण म्हणेल? पण इतके करूनही शहरातील श्रमिक वस्त्यांना वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड पाण्याची वाट पाहावी लागली आणि पाण्याच्या टँकरसाठी रात्री जागवाव्या लागल्या.

या टंचाईवर उपाय म्हणून काय झाले? समांतर जलवाहिनीच्या नावाखाली शहराची सारी पाणीपुरवठा व्यवस्था एका खाजगी कंपनीच्या हवाली करण्यात आली. सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने कारभार हाती घेतला. ज्या जलवाहिनीसाठी हा सारा खटाटोप होता, ती काही पूर्ण झाली नाही. नागरिकांच्या असंतोषापुढे महापालिकेला जून २०१६ मध्ये करार रद्द करावा लागला. त्यानंतर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले आणि पुढे तिचा खर्चही फुगत गेला. मधल्या काळात वाया गेलेल्या वर्षांची किंमत नळाशी रांग लावणाऱ्या बायकांनी मोजली.

खाजगीकरणाचे पुरस्कर्ते अमेरिकेचे दाखले देतात. त्यांनी अटलांटा शहराचा दाखलाही द्यावा. त्या शहराने १९९९ मध्ये आपली पाणीपुरवठा यंत्रणा वीस वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीला दिली. गढूळ पाणी, रखडलेल्या दुरुस्त्या आणि नागरिकांच्या तक्रारी यांनी बेजार होऊन नगरपालिकेने २००३ मध्ये, म्हणजे अवघ्या चार वर्षांत, करार मोडला. ज्या चुकीची शिक्षा अटलांटाने भोगली होती, तीच चूक अकरा वर्षांनी आपल्या शहरात प्रगतीच्या नावाने करण्यात आली.

कचरा खेड्याचा, स्वच्छता शहराची

नारेगावची कहाणी तर ताजीच आहे. शहराचा सारा कचरा अनेक दशके नारेगाव-मांडकीच्या शिवारात ओतला गेला. धूर, दुर्गंधी, दूषित विहिरी आणि मोकाट कुत्रे यांच्या संगतीत तेथील माणसांनी दिवस काढले. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपल्या कचऱ्याची जाणीव झाली. त्यानंतर महापालिकेने काय केले? ती दुसरे गाव शोधू लागली. मार्च २०१८ मध्ये मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्या गेल्या, दगडफेक झाली, पोलिसांनी गावात शिरून लोकांना झोडपले. शहराने आपल्या घाणीची विल्हेवाट आपल्याच हद्दीत, शास्त्रीय पद्धतीने लावली पाहिजे, हे साधे तत्त्व मान्य करून घेण्यासाठी खेड्यातील माणसाला रस्त्यावर उतरावे लागले आणि न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला. शहराच्या हद्दीला लागून असलेल्या प्रत्येक गावाने हा धडा गिरवून ठेवण्यासारखा आहे.

जमिनीची वाढीव किंमत कोणाची?

खरे मूळ मात्र जमिनीत आहे. हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने १८७९ साली आपल्या ग्रंथात मांडलेला एक विचार आजही तितकाच खरा आहे. शहरातील जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही. समाज तेथे रस्ते बांधतो, शाळा काढतो, हजारो माणसे तेथे राबतात, म्हणून ती वाढते. तेव्हा ही वाढ समाजाच्या मालकीची ठरते. जॉर्ज समाजवादी नव्हता. तरीही त्याचा हा विचार आपल्या राज्यकर्त्यांना झेपला नाही. नागरी जमीन धारणेवर मर्यादा घालणारा १९७६ चा कायदा आधी पळवाटांनी पोखरण्यात आला आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो मोडीतच काढला.

समृद्धी महामार्ग सार्वजनिक पैशातून झाला. त्यामुळे भोवतालच्या जमिनीचे जे मोल वाढले, ते कोणाला मिळाले? महामार्गाची आखणी ज्यांना आधी कळली, त्यांना. ज्यांच्याजवळ थांबण्याइतका पैसा होता, त्यांना. मुलीच्या लग्नासाठी किंवा सोसायटीच्या कर्जापायी दोन एकर विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात आलेली रक्कम त्याला मोठी वाटली खरी. परंतु त्याच जमिनीचे गुंठे पाडून विकणाऱ्याने मिळवलेला नफा पाहिला, म्हणजे लूट कोणाची झाली हे उमगते. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराच्या हाती काय पडले? शेत गेले की त्याची मजुरीही गेली. गायरानावर पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या दलित कुटुंबाला तर भरपाईच्या यादीत जागाच नसते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले, १९९१ च्या शासन निर्णयाने गायरानावरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे वचन दिले. पण सार्वजनिक प्रकल्पाला जमीन हवी असली की सर्वप्रथम नजर जाते ती याच गायरानावर.

शेंद्रा आणि बिडकीन येथे औद्योगिक नगरीसाठी सुमारे दहा हजार एकर जमीन घेण्यात आली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ऑरिकचे उद्घाटन झाले. २०२४ मध्ये मोठमोठ्या वाहन कंपन्यांच्या प्रकल्पांच्या घोषणाही झाल्या. कारखाने यावेत, आम्हांला ते हवेच आहेत. परंतु ज्यांची जमीन गेली, त्यांच्या मुलांना तेथे कायम नोकरी मिळणार की कंत्राटदाराच्या हाताखाली राबावे लागणार, याचे बंधनकारक उत्तर कोणत्याही करारात असले पाहिजे. उद्योगाच्या आश्वासनावर वस्ती उठवण्याचा परिणाम कसा होतो, हे अमेरिकेतील न्यू लंडन या जुन्या बंदराच्या शहराने पाहिले आहे. एका औषधनिर्मिती कंपनीच्या आगमनाने शहराचा कायापालट होईल, या आशेने तेथे सामान्य माणसांची घरे संपादन करण्यात आली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते संपादन वैध ठरवले. २००९ मध्ये कंपनीने ते शहर सोडण्याचे जाहीर केले. घरे पाडलेली ती जागा पुढे अनेक वर्षे ओसाड पडून होती.

निर्णय कोणी घ्यायचा?

हिशेबाची शेवटची बाब सत्तेची आहे. शहराचा सुधारित विकास आराखडा वर्षानुवर्षे वादात अडकून पडला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचा मसुदा रद्दबातल ठरवला. आराखडा नाही म्हणून वस्ती थांबत नाही. वाळूजचा आणि चिकलठाण्याचा कामगार बाँडपेपरवर एक-दोन गुंठे घेऊन घर बांधत राहिला आणि शंभराहून अधिक गुंठेवारी वसाहती उभ्या राहिल्या. मतदारयादीत त्यांचे नाव आहे, परंतु नकाशात त्यांचे घर नाही. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवण्यात आली. तरी अनिश्चिततेची टांगती तलवार कायम राहिली.

एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही आणि शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. याच काळात, २०२५ च्या जून-जुलैमध्ये, मुकुंदवाडी, जालना रोड, बीड बायपास, पडेगाव या भागांत रस्तारुंदीकरणासाठी हजारो बांधकामांवर बुलडोझर चालवण्यात आला. रस्ते रुंद व्हायला हवेत, हे मान्य. पण ज्याचे दुकान गेले त्याने दाद मागावी, असा निवडून आलेला एकही नगरसेवक त्या दिवशी शहरात नव्हता. लोकप्रतिनिधींना टाळून केलेला विकास किती निष्ठुर होतो, याचे हे उदाहरण आहे.

न्यूयॉर्कने हे फार पूर्वी अनुभवले. रॉबर्ट मोझेस हा अधिकारी एकाही निवडणुकीत निवडून आला नाही. पण निरनिराळ्या प्राधिकरणांच्या खुर्च्या आणि पुलांच्या पथकराचा पैसा हाती असल्याने त्याने अनेक दशके त्या महानगरावर राज्य केले. ब्राँक्समधील श्रमिकांच्या वस्त्या चिरून त्याने महामार्ग नेला. पुढे तोच प्रयोग खालच्या मॅनहॅटनमध्ये होऊ घातला, तेव्हा जेन जेकब्स आणि तेथील रहिवासी संघटित झाले आणि तो महामार्ग कागदावरच राहिला. प्राधिकरण लोकांना उत्तरदायी नसेल, तर लोकांना संघटित होऊन त्याला उत्तर द्यायला लावावे लागते.

मात्र नुसता नकार पुरेसा नाही, हाही धडा तेथलाच आहे. अनेक जुन्या अमेरिकन शहरांत घरमालकांनी नव्या घरांना विरोध करण्याचे हत्यार पुढे परजले. त्याचा परिणाम असा झाला की घरे महाग झाली आणि गरीब शहराबाहेर फेकला गेला. म्हणून मिनियापोलिससारख्या शहराला २०१८ मध्ये, एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर, हा नियम मोडण्याचा निर्णय घ्यावा लागला. ज्यांची घरे झाली त्यांनी दार लावून घ्यायचे, हे आमचे धोरण असू शकत नाही. फुलंब्रीत उद्या जो बिहारचा किंवा परभणीचा मजूर येईल, त्यालाही छप्पर मिळाले पाहिजे.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यालाच जमीन विकायची आहे, तुम्ही आडवे का येता? शेती परवडत नाही म्हणून जमीन विकावी लागणे, याला स्वेच्छा म्हणता येत नाही. कापसाला आणि मक्याला रास्त भाव द्या, गिरिजेच्या खोऱ्यात पाणी अडवा, मग किती शेतकरी आपण होऊन जमीन विकतात ते पाहू.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. भारतीय संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने दहा लाखांवरील महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिच्यातील किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. अशी समिती खऱ्या अर्थाने कार्यरत झाल्यावाचून प्राधिकरणाने एकाही गावाचा आराखडा अंतिम करू नये. प्रत्येक आराखडा मराठीत, गट क्रमांकांसह, ग्रामसभेपुढे ठेवून त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी. फुलंब्रीत ती नगरपंचायतीने घ्यावी. सार्वजनिक प्रकल्पामुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीतील वाटा कराच्या रूपाने वसूल करून तो पाणी, शाळा आणि कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवावा. गायरान कसणाऱ्यांची आणि शेतमजुरांची नावे पुनर्वसनाच्या यादीत आधी यावीत, मग मोजणी व्हावी. पाण्याची आणि कचऱ्याची व्यवस्था सिद्ध झाल्यावाचून नव्या वसाहतीला परवानगी देऊ नये.

यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. बहुतेक तर राज्यघटनेत आणि कायद्यांत आधीच लिहिलेल्या आहेत. त्यांची अंमलबजावणी होत नाही, कारण ती मागणारे विखुरलेले आहेत आणि ती टाळणारे संघटित आहेत. नारेगावच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता, डोंगराएवढा कचरा आधीच साचला होता. फुलंब्रीच्या जमिनीवर अजून पीक उभे आहे. मोजणीचे खांब रोवले जाण्यापूर्वी गावोगावच्या ग्रामसभांनी हे ठराव करावेत आणि ते घेऊन तहसील कचेरीवर जावे.