यात्रेची वाट आणि रस्त्याचे माप

खानदेश हे सप्तशृंगी मातेचे माहेर, अशी येथील घरोघरची श्रद्धा आहे. म्हणूनच रामनवमी ते चैत्री पौर्णिमा या काळात गडावर भरणाऱ्या उत्सवाला असंख्य खानदेशवासी पायी निघतात. साक्री परिसरातील भाविकांची वाट पिंपळनेर, सटाणा, कळवण अशी नांदुरीकडे जाते. या पुण्यपर्वात आम्ही रस्त्याच्या हिशेबाचा विषय काढीत आहोत, कारण त्या हिशेबात माणसांचे प्राण गुंतलेले आहेत.

रस्त्यावर किती गर्दी आहे हे आपण नजरेने ठरवतो. अभियंते ते भागाकाराने ठरवतात. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहतुकीला त्या रस्त्याच्या क्षमतेने भागावे. उत्तर एकाच्या जवळ आले की रस्ता तुंबू लागला असे समजावे. सर्व वाहने सारखी नसल्याने मोटारगाडी हे एकक धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत ग्रामीण रस्त्यांसाठी दुचाकी अर्धा, मालमोटार किंवा बस तीन, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार आणि मोठी बैलगाडी तब्बल आठ एकके मानली आहे. सपाट प्रदेशातील सरळ दुपदरी रस्त्याने दिवसाला 15,000 एकके वाहावीत, डोंगराळ भागात 7,000, असे तीच मार्गदर्शिका सांगते. हे आकडे कमाल क्षमतेच्या सुमारे निम्म्यावर बेतलेले आहेत, म्हणजे चालकाला पुरेशी मोकळीक राहते.

या कोष्टकात बैलगाडीला स्थान आहे. पायी चालणाऱ्या भाविकाला नाही. वाहतुकीच्या गणनेचा दंडकही पाहण्यासारखा आहे. वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस गणना करावी. मात्र जवळपास जत्रा किंवा प्रदर्शन असेल तर ती पुढे ढकलावी, असे त्यात म्हटले आहे. वर्षभराची सरासरी काढायची तर हा दंडक योग्यच होय. परंतु त्यामुळे ज्या दिवसांत रस्त्याची खरी कसोटी लागते, तेच दिवस कागदाबाहेर राहतात.

दुपदरी रस्त्याची डांबरी रुंदी सात मीटर असते. मालमोटार सुमारे अडीच मीटर रुंद. समोरासमोरच्या दोन मालमोटारींना पाच मीटर लागतात. उरलेल्या दोन मीटरांत मधले अंतर, दोन्ही कडा आणि सुरक्षितता सामावते. बाजूपट्टी खचलेली असेल तर पदयात्री डांबरावर येतात आणि दीड मीटर जागा व्यापतात. मग भागाकाराची दोन्ही अंगे एकदम बिघडतात. भाविकांच्या गाड्यांनी वाहतूक वाढते आणि त्याच वेळी क्षमता घटते. साक्री हे सुरत-धुळे महामार्गावरील गाव आहे. पूर्वी 6 क्रमांकाने आणि आता 53 क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गावरची अवजड वाहतूक यात्रेसाठी थांबत नाही. रात्रीच्या गारव्यात चालणाऱ्या भाविकाला त्या वाहनांचा चालक ऐनवेळीच पाहतो.

जत्रा ही शासनाच्या दृष्टीने अपवादात्मक परिस्थिती असेल. आमच्या दृष्टीने ती पंचांगात वर्षभर आधी छापलेली तिथी आहे. जिची तारीख आधीच ठाऊक आहे, ती गर्दी अकस्मात आली असे कोणी म्हणू नये. यासाठी उत्सवाच्या आठवड्यात या वाटांवर स्वतंत्र गणना व्हावी आणि तीत वाहनांबरोबर पदयात्रीही मोजले जावेत. गुढीपाडव्यापूर्वी बाजूपट्ट्या भरून सपाट कराव्यात आणि गर्दीच्या रात्री अवजड वाहनांच्या वेळा ठरवून द्याव्यात.

भाविकांनीही आपला वाटा उचलावा. समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने एका ओळीत चालावे आणि रात्री पाठीवर चकाकणारी पट्टी लावावी. माहेरची माणसे मातेच्या भेटीला निघतात, तेव्हा ती सुखरूप परत येतील याची चिंता घरी वाट पाहणाऱ्यांनाच करावी लागू नये.