प्रबंध खुला, पुस्तक बंद: अभ्यासग्रंथांचा खर्च कोणी उचलायचा?

नागपूर-अमरावती महामार्गावरचं कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. संत्र्याच्या या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला शेतीच्या अर्थकारणावरचे पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण त्यातल्याच एखाद्या प्रबंधाचं पुस्तक निघालं, की ते विकत घ्यावं लागतं किंवा मोठं ग्रंथालय गाठावं लागतं. असं का होतं?

नियम कशाला लागू आहेत?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत जमा करणं बंधनकारक केलं. विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या केंद्रीय विभागांचं २०१४चं खुल्या प्रवेशाचं धोरण आहे. त्याचा रोख शोधनिबंधांवर आहे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत, पण ते सुमारे १३,००० नियतकालिकांच्या वर्गणीसाठी. शिवाय पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे. थोडक्यात, प्रबंध आणि निबंधांचा विचार झाला. पुस्तक मात्र राहून गेलं.

पुस्तकाचं गणित वेगळं का?

निबंध काही पानांचा असतो. पुस्तकाला संपादन, मुद्रितशोधन, नकाशे, सूची असा मोठा खर्च येतो आणि तो विक्रीतूनच निघावा लागतो. ब्रिटनमध्ये ‘यूकेआरआय’ या संशोधन संस्थेने १ जानेवारी २०२४ पासून तिच्या पैशातून झालेल्या संशोधनावरची पुस्तकं वर्षभरात खुली करण्याची अट घातली. मात्र अटीसोबत निधीही ठेवला: एका पुस्तकामागे १०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक.

भारतात प्राध्यापकांवरचं दडपण उलट दिशेचं आहे. आयोगाच्या २०१८च्या नियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, तर राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण मिळतात. प्रकाशक कोण, याला गुण आहेत. पुस्तक किती जणांना वाचता येतं, याला नाहीत.

महाराष्ट्राला हे नवं आहे का?

नाही. सरकारी पैशातून तयार झालेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर मोफत आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने ‘हिंदी समय’वर हिंदी साहित्य असंच खुलं केलं आहे. त्याआधी नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने सार्वजनिक पैशातून मराठीत पदवी पातळीची पुस्तकं काढली होती. त्यांच्यावरचा स्वामित्वहक्क अजून संपलेला नाही, पण हक्कधारकांच्या संमतीने ती आजही खुली करता येतील.

मग अडचण कुठे आहे?

नुसती अट घातली, तर खर्च लेखकाच्या खिशातून जाईल किंवा छोटे मराठी प्रकाशक अभ्यासग्रंथ काढणंच थांबवतील. ब्रिटनसारखं शुल्क इथल्या विद्यापीठांना झेपणारं नाही. त्यापेक्षा प्रकाशन-अनुदान देतानाच ‘ठरावीक मुदतीनंतर पुस्तक खुलं’ अशी अट घालणं शक्य आहे. प्रकाशकाला छापील प्रती विकायला वेळ मिळेल आणि वाचकाला पुस्तक मिळेल. विद्यापीठं नागपूर-पुण्यात असली, तरी त्यांच्या संशोधनाचा पैसा कारंज्यातल्या करदात्यांकडूनही येतो. ते पुस्तक त्यांच्यापर्यंत किती वर्षांनी पोहोचावं, हे धोरणाने ठरवायचं आहे.