शिवल्याशिवाय शिकता येत नाही

माझी मावसबहीण भिलाईच्या खुर्सीपारमध्ये राहते. मागच्या वर्षी ती सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी झाली. घरातली पहिली पदवीधर. निकालानंतर महिनाभरात ती एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाची चौकशी करायला गेली. तिथल्या बाईंनी फार काही विचारलं नाही. पुवाचा एक नमुना, काचपट्टी आणि रंगांच्या बाटल्या समोर ठेवल्या आणि म्हणाल्या, ग्रॅम स्टेन करून दाखव.

तिला सगळं पाठ होतं. आधी क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, मग आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल काही सेकंद, शेवटी सॅफ्रानिन. जांभळे दिसतील ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसतील ते ग्रॅम निगेटिव्ह. कोणाची पेशीभित्ती जाड, कोणाची पातळ, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण नमुना काचेवर पसरून वाळला की काचपट्टी ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवावी लागते, तेव्हा तो काचेला धरून राहतो. गडबडीत तेवढंच राहिलं. नळाखाली धरताच सगळं वाहून गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली कोरी काच.

संध्याकाळी फोनवर म्हणाली, "दादा, पाठ सगळं होतं. हातालाच काही येत नव्हतं."

तीन वर्षांत तिने स्वतः ग्रॅम स्टेन किती वेळा केला होता? एकदाही नाही. पाहिला होता दोनदा, चाळीस जणांच्या घोळक्यात मागच्या रांगेतून. प्रात्यक्षिकाची वही मात्र पूर्ण होती. पेन्सिलने काढलेले गोल, त्यात गोल-लांबट जीवाणू, खाली शिक्षकांची सही. ते जीवाणू तिने पुस्तकातून उतरवले होते, भिंगातून नाही.

तिला कोणी 'शिवू नकोस' म्हटलं नव्हतं, हे आधीच सांगतो. असं आता कोणी म्हणत नाही. सूक्ष्मदर्शक दोनच चालू, बाकीचे कपाटात. जी मुलं शाळेतच भिंग हाताळून आलेली, ती आपसूक पुढे. काच फुटली तर दंड, आणि दंडाचे पैसे घरी मागायचे म्हणजे बापाला एका दिवसाच्या मजुरीचा हिशेब विचारायचा. मग हात आपणच मागे घेतो. शिवू नये म्हणून पूर्वी धाक लागायचा; इथे टंचाई, दंड आणि संकोच मिळून तेच काम करतात. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला ज्ञान पाहायला मिळतं, त्याला हात लावायला मिळत नाही.

आणि ज्याचे हात त्या प्रयोगशाळेत रोज चालत होते, त्याला कोणी शिक्षक म्हणत नव्हतं. तिथले परिचर काका. माध्यम तेच शिजवायचे, ऑटोक्लेव्ह तेच लावायचे, पेट्री डिशमध्ये आगर न सांडता, बुडबुडा न येऊ देता तेच ओतायचे, आणि वापरलेल्या डिश निर्जंतुक करून धुवायचेही तेच. नोकरीच्या चौकशीत फजिती झाल्यावर बहीण पुन्हा कॉलेजात गेली, ती सरांकडे नाही, या काकांकडे. त्यांनी दोन दुपारी तिला शिकवलं. लूप लाल होईपर्यंत तापवायचा, पण लगेच नमुन्याला लावायचा नाही, जीवाणू करपतात. बाटलीचं तोंड उघडलं की ज्योतीजवळ धरायचं. स्मीअर इतका पातळ हवा की त्यातून छापील अक्षर दिसावं. यातलं पुष्कळसं पुस्तकात आहे. पण पुस्तकातलं हातात उतरवणारा माणूस पगारपत्रकावर चौथ्या श्रेणीत आहे.

जात म्हणजे नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलं. आपल्या कॉलेजातली प्रयोगशाळा त्याचा चालता-बोलता नमुना आहे. डोकं एका खुर्चीत, हात दुसऱ्याकडे, आणि विद्यार्थी दोघांच्या मध्ये वही लिहीत उभा.

हे कुठल्याही विषयात वाईटच. पण सूक्ष्मजीवशास्त्रात ते जास्त खुपतं, कारण या विषयाचा पहिलाच धडा जातीच्या मुळावर घाव घालणारा आहे. तो धडा म्हणजे विटाळ आणि संसर्ग यांतला फरक. संसर्गाला कारण असतं, वाट असते, प्रमाण असतं आणि उपाय असतो. तो कोणाकडूनही कोणालाही होतो. साबणाने, उकळीने, क्लोरिनने तो थांबतो. विटाळ जन्माला चिकटवलेला असतो. त्याची चाचणी नाही, म्हणून त्यातून सुटकाही नाही.

पहिल्या वर्षाचा एक साधा प्रयोग आहे. पोषक आगरच्या डिशचे दोन भाग करायचे. एका भागावर न धुतलेलं बोट टेकवायचं, दुसऱ्यावर साबणाने धुतलेलं. डिश ३७ अंशांवर २४ तास ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डिशमध्ये ठिपके उगवलेले असतात. पाटलाच्या, पंडिताच्या, आपल्या. प्रत्येकाच्या कातडीवर जीवाणूंची वस्ती असतेच. डिशच्या बुडावर नाव लिहायला विसरलात तर कोणती डिश कोणाची हे कोणी सांगू शकत नाही. हा प्रयोग ज्याने स्वतःच्या बोटाने केला, त्याला शुद्ध-अशुद्धाचं भाषण वेगळं द्यावं लागत नाही.

आता एक युक्तिवाद आपल्या मुलांच्या तोंडावर फेकला जातो. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तो फार ऐकला: सोवळं म्हणजे आपल्या पूर्वजांचं आरोग्यशास्त्रच होतं, दुरून नमस्कार हे त्यांचं अंतर राखणं होतं. याला उत्तर द्यायला बीएस्सीच्या अभ्यासक्रमातलीच एक गोष्ट पुरते. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. बाळंतरोगाने बाया जास्त मरत होत्या त्या डॉक्टरांच्या विभागात. एप्रिल १८४७ मध्ये तिथला मृत्युदर १८ टक्क्यांवर होता. इग्नाझ सेमेलवाइसच्या लक्षात आलं की हे लोक प्रेतं चिरून थेट बाळंतिणीकडे येतात. त्याने क्लोरिनच्या द्रावणात हात धुणं सक्तीचं केलं. जूनमध्ये दर २ टक्क्यांच्या आसपास आला. प्रतिष्ठित डॉक्टरांना ते पटलं नाही. आपले हात घाण असतील हे त्यांना सहन होईना. आपल्याकडे बाळंतपण करणारी सुईण बहुतेक ठिकाणी दलित जातींतली. बाळ तिच्या हातावर जन्मणार आणि त्यानंतर घर शुद्ध करून घेणार. कोणाचे हात धुतलेले आहेत हा प्रश्न जातीने कधी विचारलाच नाही. तिने विचारलं ते एवढंच, हात कोणाचे आहेत.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि त्यांच्यामागे हजारो माणसं पाणी प्यायली. नंतर सवर्णांनी तळ्याची शुद्धी केली. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि मंत्र म्हणत ते तळ्यात ओतलं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिण्याच्या पाण्याची चाचणी शिकवतात. लॅक्टोजच्या द्रवात नमुना घालायचा, आत एक छोटी ड्युरहॅम नळी उलटी ठेवायची. एक-दोन दिवसांत त्या नळीत वायू जमला, तर पाण्यात कोलिफॉर्म जीवाणू असल्याचा संशय घ्यायचा, म्हणजे बहुधा विष्ठेचा शिरकाव झालेला. पुढे दुसऱ्या माध्यमावर त्याची खात्री करायची. गाईच्या शेणात हे जीवाणू भरपूर असतात. त्या घागरींतलं 'शुद्ध' पाणी या चाचणीत नापासच झालं असतं.

इथे प्रामाणिक राहायला हवं. शुद्धीच्या आधीही ते उघडं तळं होतं, आजच्या कसोटीवर ते पाणी तेव्हाही नापासच झालं असतं. महाडचा लढा निर्जंतुक पाण्यासाठी नव्हताच. आपणही इतरांसारखी माणसं आहोत, हे ठरवण्यासाठी आपण तळ्यावर जात आहोत, असं बाबासाहेबांनी त्याच वर्षी डिसेंबरात सांगितलं होतं. प्रयोगशाळेतला आपला हक्कही तसाच आहे. सूक्ष्मदर्शकाला हात लावणं ही गुणांची बाब आहे, पण तेवढीच नाही.

कोणी म्हणेल, हा जातीचा प्रश्न नाही, सरकारी कॉलेजांच्या गरिबीचा आहे. जागा रिकाम्या, अनुदान तोकडं, एका बॅचला चाळीस मुलं. शिक्षक तरी काय करणार? यात तथ्य आहे. पण टंचाई सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्याच्या घरात डॉक्टर काका आहे, ज्याने दहावीतच भिंगाची बारीक चकती फिरवली आहे, त्याला एक प्रात्यक्षिक हुकलं तरी चालतं. आपल्याकडे कॉलेजची ती दोन तासांची पाळी सोडून दुसरी जागाच नाही. शिवाय प्रात्यक्षिकाचे आणि तोंडी परीक्षेचे गुण बंद खोलीत, समोरासमोर, आडनाव ऐकून दिले जातात. दिल्लीच्या एम्सबद्दल प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या नेमक्या याच परीक्षांविषयीच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेत ही गत, तर छोट्या गावातल्या कॉलेजचं काय सांगावं.

भिलाईला तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून इथे आले ते कारखान्याच्या कामासाठी. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. शेतातून आलेल्या माणसांना भट्टी, क्रेन, रोलिंग मिल चालवायला शिकवलं गेलं. त्यांना मागच्या रांगेतून पाहून वही लिहायला सांगितलं असतं, तर पोलाद निघालं नसतं. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने अनेक वर्षं इथल्या कामगारांचा अभ्यास केला. धोक्याचं काम खांद्याला खांदा लावून करताना, एकत्र डबा खाताना कारखान्याच्या आत जातीची बंधनं सैल झाली, असं त्यांनी लिहिलं आहे. जिथे दुसऱ्याच्या हाताशिवाय काम अडतं, तिथे शिवाशिव टिकणं अवघड. मग ज्या आजोबांना वितळत्या लोखंडाजवळ जाऊ दिलं, त्यांच्या नातीला काचपट्टी फुटेल म्हणून मागे का ठेवायचं?

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्याची पाळी लागलीच पाहिजे, त्याची हजेरी वेगळी ठेवावी. चाळीसच्या दोन बॅच करता येत नसतील, तर एक प्रयोग कमी शिकवा पण हाताने शिकवा. काचेच्या फुटतुटीचा दंड बंद करा. शिकताना काच फुटणारच. वहीत पुस्तकातलं चित्र नको, स्वतःला दिसलेलं हवं, आणि नमुना वाहून गेला तर तेही लिहू द्या. परिचरांना प्रशिक्षक म्हणून मान द्या, आणि त्या कामाचे पैसेही.

आपणही काही करू शकतो. विहारात, अभ्यासिकेत बारावी-बीएस्सीच्या मुलांना रंगीत पाण्यावर पिपेट धरायला शिकवता येतं. दह्याचा पातळ स्मीअर करून तो ज्योतीवर पक्का करायला शिकवता येतं. कुकरच्या शिट्टीवरून ऑटोक्लेव्ह समजावता येतो: १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ मिनिटं. मात्र जीवाणू वाढवण्याचं काम तिथे करायचं नाही, ते प्रयोगशाळेतच. आणि आपल्या घरच्या हातांना कमी लेखू नका. आगर हे माध्यम प्रयोगशाळेत आलं तेच स्वयंपाकघरातून. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, तेव्हा १८८१ मध्ये फॅनी हेसे या बाईने आपल्या जेलीतलं आगर सुचवलं. पुढच्या वर्षी रॉबर्ट कॉखने आगरचा उल्लेख केला, तिचं नाव घेतलं नाही. हाताचं श्रेय डोक्याच्या खात्यावर जमा होणं हे फक्त इथलंच नाही.

बहिणीला आता दुसऱ्या एका लॅबमध्ये काम मिळालं आहे. पगार थोडा आहे, पण काचपट्टी कोरी निघत नाही. तिच्या मागून त्याच कॉलेजात शिकणाऱ्या मुलींना ती एकच सांगते, तेच इथे लिहितो. पुढच्या प्रात्यक्षिकाला घोळक्याच्या मागे उभ्या राहू नका. "सर, माझी पाळी" एवढं म्हणा. काच फुटली तर फुटली.