अंधांच्या शिक्षकाला एकटे सोडू नका

बिदर, भालकी, औराद या भागांतील मराठी माणसाला हैदराबाद परके नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. सरहद्द बदलली, पण वाट मोडली नाही. लेकराच्या डोळ्यांत दोष आढळला की आईबाप आजही त्या शहराकडे धाव घेतात. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था तेथे आहे. ज्यांची दृष्टी उपचारांनी परत येत नाही, त्यांना स्वावलंबनाचे धडे देण्याची सोयही तेथे आहे. परंतु मूल गावी परतल्यावर त्याला शिकवावयाचे कोणी? वैद्याचे काम संपते तेथे शिक्षकाचे सुरू होते, आणि आपल्या समाजाचे लक्ष नेमके तेथेच उडते.

एक शिक्षक काय करू शकतो, हेही हैदराबादनेच दाखविले आहे. श्रीकांत बोल्ला हा अंध विद्यार्थी तेथील अंधशाळेतून दहावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. पुढे विज्ञान शिकण्यास त्याला नियमाची आडकाठी झाली. तेव्हा त्याच्या एका शिक्षिकेने त्याची बाजू घेतली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि प्रवेश मिळाला. तोच मुलगा पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रशिक्षणसंस्थेत शिकला आणि परत येऊन उद्योजक झाला. पाठीशी कोणी उभे राहिले नसते, तर ही बुद्धी वाया गेली नसती काय?

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. सहा ठिपक्यांच्या ब्रेल लिपीला १९५१ पासून भारतीय भाषांसाठी समान रूप मिळाले. मराठीचा ‘क’, कन्नडचा ‘क’ आणि तेलुगूचा ‘क’ अंध बालकाच्या बोटाला एकसारखाच लागतो. म्हणजे कन्नड शाळेतील ब्रेल जाणणारा शिक्षकही मराठी मुलाला अक्षरओळख करून देऊ शकतो. त्याचे साह्य घेण्यात कमीपणा मानू नये. परंतु अक्षर म्हणजे भाषा नव्हे. डोळस मुलाला चित्र पाहून अर्थ कळतो. अंध मुलाला तो शब्दांतूनच समजावून घ्यावा लागतो. तो शब्द मायबोलीचा नसेल, तर त्याच्यापुढे दुहेरी अंधार उभा राहतो.

अंधुक दृष्टीच्या मुलाची कथा निराळी. त्याला मोठ्या टाइपाचे पुस्तक, भिंग, पुरेसा उजेड आणि फळ्याजवळची जागा एवढेच पुष्कळदा पुरते. हे ठाऊक नसलेला शिक्षक त्याला मंदबुद्धी ठरवितो. यात दोष शिक्षकाचा कमी, त्याला न शिकविणाऱ्या व्यवस्थेचा अधिक.

कायदा आपल्या बाजूने आहे. घटनेच्या ३५० अ या अनुच्छेदानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावयास हवी. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. अंध मराठी बालकाला या दोन्ही तरतुदी एकाच वेळी लागू आहेत. म्हणून कर्नाटक शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे: सीमाभागातील मराठी शाळांसाठी विशेष शिक्षकांची कायम पदे भरा आणि पुस्तके ब्रेलमध्ये वेळेवर द्या. महाराष्ट्र शासनानेही मराठी ब्रेल पुस्तके या मुलांपर्यंत पोहोचवावीत. ज्यांना आपण आपले म्हणतो, त्यांच्यासाठी एवढे करणे अवघड नाही.

पण शासनाची वाट पाहत हात जोडून बसणे चळवळीला शोभत नाही. प्रत्येक गल्लीत अशी मुले किती आहेत, याची नोंद कार्यकर्त्यांनी करावी. तरुणांनी पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावीत. मंडळांनी ब्रेलच्या जाड कागदाचा आणि पाट्यांचा खर्च उचलावा. जो शिक्षक प्रशिक्षणाला जाण्यास तयार असेल, त्याच्या प्रवासाचा भार गावाने वाहावा.

मराठी शाळा टिकावी म्हणून आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. त्याच शाळेच्या दारातून एखादे अंध मूल शिक्षकाअभावी परत फिरणार असेल, तर ती शाळा आपण कोणासाठी राखली? मायबोलीचा हक्क डोळसांपुरता नाही. तो सर्वांपर्यंत नेणाऱ्या गुरुजींच्या आणि बाईंच्या पाठीशी उभे राहणे, हेही सीमालढ्याचेच काम आहे.