एक बंदूक मागितली, तीन आल्या

परभणी जिल्ह्यातील सेलू येथे पहाटे फिरावयास निघणाऱ्या कोणासही हे दृश्य नवे नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर सोळा-सतरा वर्षांची मुले धावत असतात. बहुतेक शेतकऱ्यांची, काही शेतमजुरांची. यांतील एखादा-दुसराच सैन्यभरतीच्या मैदानातून पार पडतो आणि मग घरात पेढे वाटले जातात. २०२२ पासून 'अग्निपथ' योजनेखाली ही भरती चार वर्षांची झाली आहे. त्यानंतर शंभरातील पंचवीसच कायम होतात. योजनेविषयी घराघरांत चर्चा झाली, वेतन किती, पुढे काय, हे विचारले गेले. पण त्या चार वर्षांत आपल्या मुलाच्या हाती राष्ट्र कोणती बंदूक देणार आहे, हा प्रश्न आम्ही कोणाच्या तोंडून ऐकला नाही. तो विचारला जावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधुनिक लष्करी रायफलीचा विचार आज जगभर 'मॉड्युलर' या शब्दाभोवती फिरतो. अर्थ साधा आहे. बंदूक ही एकसंध वस्तू न मानता सुट्या घटकांची जुळणी मानावयाची. नळी, दस्ता, चापाचा भाग, दूरबीण बसविण्याची पट्टी, हे सारे बदलता यावे. म्हणजे आखूड नळी लावली की कार्बाइन, जड व लांब नळी लावली की हलकी मशीनगन. अमेरिकेच्या युजीन स्टोनर यांनी १९६० च्या दशकात हा प्रयोग केला. ऑस्ट्रियाच्या 'स्टायर ऑग'ने १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो सैन्यात रुजविला. यात चमत्कृतीचा भाग पुष्कळ आहे, हेही सांगितले पाहिजे. शत्रूच्या गोळ्या झेलीत असताना चौकीवरचा जवान नळी बदलीत बसत नाही. खरा लाभ मागच्या फळीत होतो. प्रशिक्षण एकदाच, सुटे भाग एकाच प्रकारचे, आणि दहा वर्षांनी एखादा घटक सदोष वाटला तर तेवढाच बदलावयाचा, सगळी बंदूक भंगारात काढावयाची नाही. चार वर्षांसाठी आलेल्या सैनिकाच्या बाबतीत तर हा लाभ दुपटीचा आहे.

ही कल्पना आपल्याकडे परदेशी माहितीपत्रकांतून आली असे मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था, म्हणजे 'एआरडीई', हिने १९८० च्या दशकात जी 'इन्सास' आखली, तिच्या नावाचाच अर्थ 'भारतीय लघुशस्त्र प्रणाली' असा होतो. प्रणाली, नुसती रायफल नव्हे. एका आराखड्यातून रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन अशी तीन भावंडे जन्मावयाची होती आणि तिघांना ५.५६ मि.मी.चे एकच काडतूस चालावयाचे होते. रायफल आली, मशीनगन आली. कार्बाइन सेनेने स्वीकारली नाही. पूर्ण ताकदीचे काडतूस आखूड नळीतून उडविताना बसणारा धक्का आणि होणारा आवाज-ज्वाळा यांचा मेळ बसेना. आणि बंदूक सिद्ध झाली तेव्हा काडतुसेच पुरेशी नव्हती. ती इस्रायलकडून आणावी लागली! पुढे आपल्याच महाराष्ट्रात, भुसावळजवळच्या वरणगाव आयुध निर्माणीत, ही काडतुसे मोठ्या प्रमाणावर होऊ लागली.

१९९९ च्या कारगिल युद्धात 'इन्सास'ची खरी परीक्षा झाली. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. शत्रूवर नेम धरलेला असताना मॅगझिन तडकणे म्हणजे काय, हे वातानुकूलित कक्षात बसून कळावयाचे नाही. तक्रारींची दखल घेतली गेली, सुधारणाही झाल्या. पण सैनिकाचा विश्वास एकदा उडाला तो उडालाच. आमच्या मते येथे दोष कल्पनेचा नव्हता. तो कारखान्यातील गुणवत्तेचा होता, आणि आराखडा करणारा, बंदूक घडविणारा व बंदूक चालविणारा हे तिघे तीन दिशांना तोंडे करून उभे होते, त्याचा होता.

यापुढचा अध्याय अधिक खेदजनक. २०११ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने सुमारे ६६ हजार रायफलींसाठी जागतिक निविदा काढली. अट अशी की, एकाच बंदुकीने नळी बदलून ५.५६ मि.मी. आणि ७.६२ मि.मी. अशी दोन्ही काडतुसे उडवावीत. इटलीची बेरेटा, झेक प्रजासत्ताकाची 'ब्रेन', अमेरिकेची कोल्ट, इस्रायलची 'एस' अशा नामवंत बंदुका रिंगणात उतरल्या. साडेतीन वर्षे चाचण्यांत गेली आणि २०१५ मध्ये निविदाच रद्द झाली. दरम्यान 'एआरडीई'ने आपली बहुकाडतुसी रायफल २०१४ च्या संरक्षण प्रदर्शनात मांडली होती; एक बंदूक, तीन काडतुसे. ती प्रदर्शनातून पलटणीपर्यंत पोहोचली नाही.

मग झाले काय? २०१९ मध्ये अमेरिकेच्या 'सिग ७१६' रायफली ७२,४०० घेतल्या. २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३ हजारांची मागणी नोंदविली. त्यांचे काडतूस ७.६२ × ५१. अमेठीजवळच्या कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने 'एके-२०३' सुरू झाली. तिचे काडतूस ७.६२ × ३९. 'इन्सास' ५.५६ ची आहेच. एका बंदुकीत दोन काडतुसे मागणाऱ्या सेनेकडे आता तीन बंदुका आणि तीन काडतुसे झाली. २०११ चे सरकार एका पक्षाचे होते, २०१९ चे दुसऱ्या. तेव्हा येथे पक्षीय उणीदुणी काढण्यात अर्थ नाही. सीमेवर जवान निकड घेऊन उभा असताना आयात करावी लागते, हे आम्हास मान्य आहे. पण तिची किंमतही मोजावी लागते. सहा लाखांहून अधिक 'एके-२०३'चा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला, दोनच महिन्यांनी रशिया-युक्रेन युद्ध भडकले, आणि पहिल्या ३५ हजार रायफली सुपूर्द झाल्याची वार्ता आली ती जुलै २०२४ मध्ये.

मराठवाड्याला परक्या शस्त्राचा भरवसा किती, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. सेलू १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या वर्षी सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे हैदराबादला उतरवीत होता. पैशांची वानवा नव्हती. पोलीस कारवाई मात्र पाच दिवसांत आटोपली. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत. रात्रीच्या विमानाने येणाऱ्या शस्त्राच्या बळावर राज्य टिकत नाही, हे त्यांतील एक.

अलीकडच्या काही वार्ता मात्र समाधान देणाऱ्या आहेत. २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी महू येथील इन्फन्ट्री स्कूल व 'एआरडीई' यांच्या सहयोगाने 'अस्मी' हे ९ मि.मी.चे छोटे स्वयंचलित शस्त्र अवघ्या चार महिन्यांत उभे केले. बंदूक चालविणाऱ्यानेच बंदूक आखली, हे आम्हास त्यातील यंत्रविद्येपेक्षा महत्त्वाचे वाटते. जानेवारी २०२४ मध्ये 'एआरडीई'ने हैदराबादच्या खासगी उद्योगासह 'उग्रम' ही ७.६२ × ५१ ची रायफल पुण्यात सादर केली. चार किलोहून कमी वजन, पाचशे मीटरचा पल्ला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये सव्वाचार लाख कार्बाइनचे करार झाले. त्यांतील साठ टक्के वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे आला असून आराखडा 'एआरडीई'चा आहे. 'इन्सास'चे जे तिसरे भावंड जन्मताच दुरावले होते, त्याची जागा भरावयास चार दशके लागली. या काळात आपले जवान दुसऱ्या महायुद्धाच्या पठडीतील जुनी ९ मि.मी.ची कार्बाइन वागवीत राहिले.

करार म्हणजे शस्त्र नव्हे. पहिल्या तुकड्या पलटणींत पोहोचल्यावर तक्रारी येतीलच. जगातल्या कोणत्याही नव्या बंदुकीबाबत त्या आल्या आहेत. लडाखच्या थंडीत किंवा राजस्थानच्या धुळीत एखाद्या शिपायाला घोडा अडकल्याचे जाणवले, तर ती तक्रार किती महिन्यांत पाषाणला पोहोचेल, तो घटक कोण बदलील, आणि बदललेला घटक आधीच दिलेल्या कार्बाइनना बसेल की नाही? सेलूच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलाच्या वतीने परभणीच्या लोकप्रतिनिधींनी हे तीन प्रश्न संसदेत विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे.