पडलात? म्युझिक सुरूच आहे!

आपला आणि बर्फाचा संबंध गोळ्यापुरता, किंवा फार तर मनालीच्या ट्रिपपुरता. त्यामुळे पुरुषांचं फिगर स्केटिंग तुम्ही नेमाने बघत असाल, अशी माझी अजिबात अपेक्षा नाही. पण नेथन चेन या अमेरिकन स्केटरचे ऑलिम्पिकमधले दोन परफॉर्मन्स जरूर बघा. एक २०१८चा, प्याँगचांगमधला. दुसरा २०२२चा, बीजिंगमधला. आणि प्लीज, शेवट गोड आहे म्हणून दुसरा आधी बघू नका!

२०१८मध्ये चेन १८ वर्षांचा होता. म्हणजे आपल्या एफवाय-एसवायच्या वयाचा. गोल्डच्या दावेदारांमध्ये त्याचं नाव होतं. स्पर्धेचे भाग दोन. आधी छोटा शॉर्ट प्रोग्राम, मग मोठा फ्री स्केट. दोन्हींचे गुण मिळून निकाल. शॉर्ट प्रोग्रामात उड्यांच्या तीनच संधी असतात. चेनच्या तिन्ही बिघडल्या. नंबर लागला सतरावा. सगळं जग बघत असताना!

दुसऱ्याच दिवशी फ्री स्केट होतं. तिथे त्याने सहा क्वाड, म्हणजे हवेत चार गिरक्यांच्या उड्या, मारल्या. गुण मिळाले २१५.०८. त्या दिवशी फ्री स्केटमध्ये त्याच्यापेक्षा जास्त गुण कुणालाच नव्हते. तरी एकूण निकालात तो पाचवाच. मेडल नाही.

आता खरं सांगा, आपण यातला कुठला भाग शेअर करतो? थेट २०२२चा. शॉर्ट प्रोग्राममध्ये ११३.९७ गुणांचा विश्वविक्रम, मग गोल्ड, मग ‘व्हॉट अ कमबॅक!’ माझा आक्षेप आहे तो नेमका इथे. मधली चार वर्षं आपण ढकलून पुढे जातो. त्या चार वर्षांत त्याने येल विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला सुरुवात केली, तीन वेळा वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि बीजिंगच्या जेमतेम चार महिने आधी अमेरिकेतच एका स्पर्धेत तिसराही आला. माझ्या मते चेन चॅम्पियन झाला तो बीजिंगला नाही. प्याँगचांगच्या त्या दुसऱ्या सकाळी, सतराव्या नंबरवरून बूट बांधून तो पुन्हा बर्फावर उतरला, तेव्हाच झाला.

त्याचा प्रतिस्पर्धी होता जपानचा युझुरू हान्यू. २०१४ आणि २०१८ची सलग दोन ऑलिम्पिक गोल्ड त्याच्या नावावर. पुरुष एकेरीत असं त्याआधी १९४८ आणि १९५२मध्ये डिक बटनने केलं होतं. म्हणजे मध्ये ६६ वर्षं गेली. आणि गंमत म्हणजे २०१४च्या फ्री स्केटमध्ये हान्यू दोनदा पडला होता. दोनदा पडून गोल्ड!

२०२२मध्ये मात्र शॉर्ट प्रोग्रामात त्याची पहिलीच उडी फसली. चारऐवजी एकच गिरकी झाली, त्या उडीचे गुण शून्य, नंबर आठवा. कुणीही म्हणालं असतं, आता सेफ खेळ बाबा. त्याने काय केलं? फ्री स्केटची सुरुवातच क्वाड ॲक्सलने केली. ॲक्सल ही पुढे तोंड करून मारायची एकमेव उडी, त्यामुळे तिच्यात अर्धी गिरकी जास्त. म्हणजे साडेचार. तोवर ती स्पर्धेत कुणालाच जमली नव्हती. हान्यूही पडला. उठला, बाकीचा प्रोग्राम पूर्ण केला आणि चौथा आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या १७ वर्षांच्या इलिया मालिनिनने ती उडी पहिल्यांदा नीट उतरवली.

‘पडणं सुंदर असतं’ छापाचे स्टेटस मला ठेवायचे नाहीत. पडणं महागच असतं. पडलं की गुण वजा होतात, उडीच्या दर्जाचे कापले जातात ते वेगळेच. पण या खेळात एक गोष्ट फार भारी आहे. स्केटर पडला म्हणून म्युझिक थांबत नाही. त्याला उठून पुढची स्टेप गाठावीच लागते, कारण पुढच्या उडीचे गुण अजून शाबूत असतात. जी गेली, ती गेली.

आपण नेमकं उलटं करतो. माझ्या एका मित्राचा मागच्या सेमिस्टरला मॅथ्सचा पेपर वाईट गेला. पठ्ठ्या उरलेल्या तीन पेपरांना गेलाच नाही. ‘आता काय उपयोग?’ म्हणाला. एका विषयाची केटी होती, चार विषयांची करून बसला. तो पडला म्हणून त्याचं नुकसान झालं नाही, तो बर्फावरून निघून गेला म्हणून झालं. आणि आम्ही मित्रही ‘जाऊ दे रे, पुढच्या वेळी बघू’ म्हणत चहाला घेऊन गेलो. तेव्हा त्याला हात धरून परीक्षेच्या हॉलपर्यंत न्यायला हवं होतं, हे आज कळतंय.

म्हणून एवढंच सांगणं आहे. एखादा पेपर, एखादा इंटरव्ह्यू, एखादी मॅच हातातून गेली, तर त्या रात्री मनसोक्त रडा. पण सकाळी बूट बांधा. सतराव्या नंबरवरून गोल्ड मिळेलच असं नाही, चेनलाही त्या वर्षी मिळालं नाही. पण पाचवा नंबर मिळाला ना! आणि तुमचा एखादा मित्र असा बर्फावर बसून राहिला असेल, तर आज त्याला फोन करा. त्याचं म्युझिक अजून संपलेलं नाही.