वय झाले म्हणजे काय झाले?

'वय झाले' हे दोन शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाले आहेत. छप्पर गळो, गुडघा दुखो, नाहीतर मोटार अडखळो. हे दोन शब्द उच्चारले की पुढे शोधाशोध करायला नको! मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, व्याकरणात याला फार तर विधान म्हणता येईल. निदान म्हणता येणार नाही.

आमच्या घरी वडिलांच्या मागे उरलेली प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्यात जन्मलेली, १०८९ सी.सी.ची, चार सिलिंडरची. मुंबईच्या रस्त्यावरून तिच्या टॅक्सी-भगिनी २०२३ साली निवृत्त झाल्या. पण आमची बाई अजून नोकरीत आहे. यंदा पावसाळ्यात मात्र ती 'मिसिंग' मारू लागली. सपाटीवर बरी, चढ आला की धापा टाकी. दमट सकाळी तर जागच्या जागी अडखळे आणि मागून न जळलेल्या पेट्रोलचा वास येई.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट पुरते न उघडताच सांगितले, "वय झालंय साहेब, इंजिन उघडावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आमचे मेव्हणे म्हणाले, "त्यापेक्षा भंगारात द्या." आई कोपऱ्यात वाती वळत होती. ऐंशी उलटलेली. ती शांतपणे म्हणाली, "उद्या माझंही इंजिन उघडायला सांगतील हो हे!" त्यानंतर भंगाराचे नाव कुणी काढले नाही.

शेवटी आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी मला शिकवणी दिली. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये शिरतात आणि हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडतात. मग डिस्ट्रिब्युटर नावाचा वाढपी १-३-४-२ या क्रमाने प्रत्येक प्लगला त्याचा वाटा वाढतो. कोणत्या पानावर वाढप पोचत नाही, एवढेच शोधायचे.

हाताला रबरी मोजा चढवून मेस्त्रींनी चालू इंजिनावर एकेका प्लगची तार काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन लटपटले. दुसरी, चौथी, तसेच. तिसरी काढली तर काहीच फरक नाही! "हा उपाशी," मेस्त्री म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी तिसरा प्लग पहिल्याच्या जागी बसवला, पहिला तिसऱ्याच्या. उपास तिसऱ्याचाच राहिला. म्हणजे प्लग निर्दोष.

"प्रोफेसर, अंधार पडू द्या," ते म्हणाले. रात्री अंगणातला दिवा मालवला, गाडी सुरू केली. तिसऱ्या तारेवरून इंजिनाच्या लोखंडावर निळी ठिणगी तडतडत होती! दिवसा ती कुणाला दिसलीच नसती. तारेच्या रबरावर दातांच्या दोन खुणा होत्या. गणपतीच्या वाहनाने आमच्या वाहनावर हात, नव्हे दात, मारला होता! चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, तिथे ठिणगी पडायला जास्त जोर लागतो. मग वीज सोपी वाट धरून चिरेतून पळते. ओल असली की तिचे आणखीच फावते.

काही शे रुपयांत तारांचा नवा संच आला. इंजिन उघडावे लागले नाही. मेस्त्रींनी जाताना तारा लोखंडापासून दूर बांधून दिल्या आणि बॉनेटखाली उंदरांना निवारा देऊ नका, असे बजावले. दसऱ्याला आई त्याच गाडीतून घाट चढून गावच्या देवीला जाऊन आली.

वाचकहो, दिवाळी हा दिवे लावण्याचा सण खरा. पण घरातले एखादे जुने यंत्र किंवा जुने माणूस अडखळू लागले, तर 'वय झाले' म्हणण्याआधी क्षणभर दिवा मालवून पाहा. सगळे इंजिन क्वचितच बिघडते. पुष्कळदा कुठेतरी वीतभर तार कुरतडलेली असते, आणि आपल्या वाट्याची ठिणगी न पोचल्याने कुणीतरी मुकाट्याने उपाशी बसलेले असते.